ओस्लोचा घराबाहेरचा हिवाळा : १४ ऑक्टोबर ते ३० एप्रिल

नॉर्वेच्या एका कायद्यात हिवाळ्याच्या तारखा लिहून ठेवल्या आहेत. १४ ऑक्टोबर ते ३० एप्रिल. या काळात जमीन गोठलेली किंवा बर्फाने झाकलेली असेल, तर दुसऱ्याच्या शेतातून पायी किंवा स्कीवर जायला कोणाची परवानगी लागत नाही. बर्फ वितळला की तेच शेत पुन्हा मालकाचे आणि तुम्ही बांधाबाहेर.

ओस्लोचे हिवाळ्यातले फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. मेट्रोच्या डब्यात स्की घेऊन उभी माणसे, थंडीत बाहेर बाबागाडीत झोपवलेली बाळे, वाफाळलेल्या सौनातून निघून थेट फियॉर्डमध्ये, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या फाट्यात, उडी मारणारे लोक. त्याखाली बहुतेक वेळा एकच स्पष्टीकरण असते, की हे लोक मुळात काटक, निसर्गवेडे. काटक असतीलही. पण डिसेंबरात दुपारी सव्वातीनच्या आत सूर्य मावळणाऱ्या शहरात लाखो माणसे आपणहून बाहेर पडतात, त्याचे श्रेय केवळ स्वभावाला देणे मला पटत नाही. त्यात रेल्वेचे रूळ आहेत, जंगलाच्या कडेने आखलेली एक रेघ आहे, आणि वर सांगितलेला कायदा आहे.

शहराच्या बांधणीचाही मोठा भाग आहे. बंदर समुद्रसपाटीला आणि मेट्रोच्या पहिल्या क्रमांकाच्या मार्गावरचे शेवटचे स्टेशन, फ्रोग्नरसेतेरेन, ४६९ मीटरवर. खाली रिमझिम पाऊस आणि चिखल असताना वर पांढरेशुभ्र असते, आणि हे अंतर एका तिकिटात पार होते.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात उरकतो. स्की हे शेतकऱ्याचे आणि शिकाऱ्याचे वाहन होते, त्यात मौज नंतर शिरली. ‘फ्रीलुफ्ट्सलीव’, म्हणजे शब्दशः मोकळ्या हवेतले जगणे, हा आता जगभर गाजलेला शब्द छापील स्वरूपात पहिल्यांदा १८५९ सालच्या एका कवितेत दिसतो, असे मानले जाते. कवी पुढे नाटककार म्हणून जगप्रसिद्ध झाला. शहराचे नाव तेव्हा क्रिस्टियानिया होते, ओस्लो हे जुने नाव १९२५ मध्ये परत आले. १८६४ मध्ये एका धनाढ्य बँकरने फ्रोग्नरसेतेरेनची टेकडी विकत घेतली, आणि १८८९ मध्ये ती नगरपालिकेकडे आली. खासगी डोंगर सार्वजनिक होण्याची ही सुरुवात. १८९२ मध्ये त्याच डोंगरावरच्या होल्मेनकोलेनला पहिली स्की-उडीची स्पर्धा झाली, सर्वांत लांब उडी २१.५ मीटर. १८९८ मध्ये टेकडीवर जाणारी रेल्वे सुरू झाली, आणि १९१६ मध्ये ती फ्रोग्नरसेतेरेनपर्यंत पोचली.

या रेल्वेत सुरुवातीला बसत कोण होते, हे सहसा सांगितले जात नाही. रविवारी डोंगरावर जायला रविवार मोकळा लागतो, पायात स्की लागतात आणि खिशात भाडे लागते. आठ तासांचा कामाचा दिवस कायद्याने १९१९ मध्ये आला. पगारी सुट्टी १९३६ मध्ये, तीही नऊ दिवसांची. १९३४ मध्ये सोंग्सव्हान तळ्यापर्यंत दुसरा रूळमार्ग गेला आणि जंगल आणखी जवळ आले. ‘नॉर्वेजियन माणूस स्की पायात घालूनच जन्माला येतो’ अशी तिथली म्हण आहे. ती ओस्लोच्या कारखान्यातल्या कामगाराला लागू व्हायला बराच काळ जावा लागला.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात एक वाद होता, तो आजही मिटलेला नाही. १९२१ मध्ये एका नामांकित ध्रुवसंशोधकाने (ग्रीनलंड स्कीवर ओलांडणारा तोच) तरुणांपुढे केलेल्या भाषणात शर्यती आणि विक्रमांवर नापसंती दाखवली आणि एकांतातल्या भटकंतीची बाजू घेतली. खेळ वेगळा आणि फ्रीलुफ्ट्सलीव वेगळे, ही फाळणी तिथून पक्की झाली. मग जर्मनांचा ताबा आला. १९४० ते ४५ या काळात खेळाडूंनी नव्या राजवटीच्या स्पर्धांवर बहिष्कार टाकला, होल्मेनकोलेनच्या स्पर्धा थांबल्या, आणि लोक बिनस्पर्धेचे जंगलात जाऊ लागले. युद्ध संपल्यावर सुमारे वर्षभराने, १९४६ मध्ये, नॉर्डमार्का या उत्तरेकडच्या जंगलातून विजेची उच्चदाब तार नेण्याविरुद्ध सुमारे ३० हजार माणसे रस्त्यावर उतरली. देश नुकता उपाशीपोटी उठून बसलेला, घरांची टंचाई, आणि मोर्चा कशासाठी, तर जंगलातल्या शांततेसाठी!

आता त्या कायद्याकडे येतो. तो जून १९५७ चा. नॉर्वेत कोणीही रानातून फिरावे, बोरे वेचावीत, रात्रभर तंबू ठोकावा, ही रीत फार जुनी. कायद्याने ती कागदावर आणली. आणताना त्याने सगळी जमीन दोन शब्दांत वाटून टाकली : ‘इनमार्क’ आणि ‘ऊटमार्क’. हे शब्द मराठीत आणताना माझी तारांबळ उडते. इनमार्क म्हणजे अंगण, घराभोवतीची जागा, नांगरलेले शेत, गवत कापायची कुरणे, लागवडीचे चराऊ रान. ऊटमार्क म्हणजे उरलेले सगळे. ऊटमार्कला ‘रान’ म्हणावे, तर देशावर ‘रानात गेलाय’ म्हणजे शेतात गेलाय. ‘वरकस’ म्हणावे तर कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे मालकीची गवताची टेकडी येते. ‘गायरान’ तर मुळीच नाही, कारण ऊटमार्क सरकारी असेलच असे नाही. नॉर्डमार्काचा फार मोठा भाग एका खासगी घराण्याच्या मालकीचा आहे. मालकी एकाची आणि चालायचा हक्क सर्वांचा, हे त्या शब्दाचे मर्म आहे, आणि सातबाऱ्यावर वाढलेल्या आपल्या मनाला तेच पचायला जड जाते.

ऊटमार्कात बाराही महिने फिरता येते, त्याबद्दल भांडण कमी. गाठ पडली ती इनमार्कात. तिथे कायद्याने ऋतूचे दार बसवले. जमीन गोठलेली किंवा बर्फाच्छादित असावी ही अट, आणि वर तारखांची चौकट. १४ ऑक्टोबर कुठून आला असावा, हे जुनी लाकडी दिनदर्शिका पाहिली की लक्षात येते. त्या पट्टीची एक बाजू हिवाळ्याची, दुसरी उन्हाळ्याची. १४ ऑक्टोबरला पट्टी उलटायची, आणि त्या दिवसाची खूण होती एक हातमोजा. उन्हाळ्याची बाजू १४ एप्रिलला येते, कायद्यात मात्र दार ३० एप्रिलपर्यंत उघडे ठेवले आहे. का, ते कलमात लिहिलेले नाही. ईस्टर उशिरात उशिरा २५ एप्रिलला येतो आणि ईस्टरची सुट्टी म्हणजे स्की, संत्री आणि वेफरचे चॉकलेट हे तिथले ठरलेले गणित. तेव्हा जुन्या पट्टीवर बोट ठेवून १४ एप्रिलला दार लावले असते तर कितीतरी वर्षी ईस्टरच बाहेर राहिला असता. हा आपला माझा तर्क.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर ही अट शहाणपणाची आहे. गोठलेल्या जमिनीवरून शंभर माणसे गेली तरी गवताचे काही बिघडत नाही, मे महिन्यात दहा गेली तरी बिघडते. जुन्या काळी हिवाळी वाटाही अशाच गोठलेल्या दलदलीवरून, तळ्यांवरून, शेतांवरून सरळ जात, कारण बर्फात घसरगाडी ओढणे सोपे. पण कलम नीट वाचले की प्रश्न सुटत जाण्याऐवजी वाढत जातात. किती बर्फ म्हणजे बर्फाच्छादित? जाडी दिलेली नाही. रात्री गोठले आणि दुपारी ओले झाले तर सकाळी आलेल्या माणसाने परत कसे जायचे? शरदात पेरलेल्या शेतावर बर्फ असला तरी मालक मनाई करू शकतो, म्हणजे बर्फाखाली काय पेरले आहे हे चालणाऱ्याला ठाऊक हवे. अंगण, घराची जागा, कुंपणाची बाग हिवाळ्यातही वर्ज्य, पण घरापासून किती मीटर दूर राहायचे याचा आकडा नाही. तंबूसाठी आहे, वस्तीच्या घरापासून १५० मीटर. चालण्यासाठी मात्र मालकाला ‘अवाजवी अडचण’ होता कामा नये, एवढेच. ही अवाजवी अडचण म्हणजे काय, यावर किनाऱ्यावरच्या घरांच्या निमित्ताने प्रकरणे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि २००५ च्या एका निकालात कुंपण घालणाऱ्या मालकाविरुद्ध कौल लागला.

मोघमपणाबद्दल या कायद्यावर टीका होते. मला वाटते, तो टिकला तो मोघमपणामुळेच. मीटर आणि सेंटिमीटर लिहिले असते तर दर रविवारी टेप घेऊन भांडणे झाली असती. तिथे माणसे अजून तरी बर्फाकडे पाहून ठरवतात.

पुढच्या दोन कायद्यांनी हिवाळ्याला आजचे रूप दिले. १९७७ चा कायदा मोटारवाहनांचा. रानात मौजेखातर स्नो-स्कूटर उडवायला त्याने जवळजवळ बंदी घातली, म्हणून नॉर्डमार्कात स्कीची करकर ऐकू येते. स्कीच्या वाटा दाबून सारख्या करणाऱ्या यंत्रांना त्यात सूट आहे, आणि रात्री दोन वाजता फिरणाऱ्या त्या यंत्राचा दिवा दिसला की पहाटे उठायचे की नाही, हे लोक ठरवतात.

दुसरा २००९ चा, जंगलाच्या सीमेचा. ओस्लोभोवतीच्या जंगलपट्ट्याला ‘मार्का’ म्हणतात, सुमारे १,७०० चौरस किलोमीटर. ओस्लो महापालिकेच्या हद्दीतला जवळपास दोन-तृतीयांश भाग त्यात मोडतो. १९८० च्या दशकापासून सरकारी कारभार एका रेघेच्या आधाराने चालत असे, २००९ मध्ये त्या रेघेला कायद्याचे बळ मिळाले आणि रेघेच्या आत बांधकामाला मुळातच मनाई झाली. जमीनमालक चिडले. घरे महागणार म्हणून बाकीचेही कुरकुरले, आणि ती कुरकुर अगदीच पोकळ नव्हती. शिवाय कायद्याच्या उद्देशात फ्रीलुफ्ट्सलीव, निसर्गानुभव आणि खेळ ही तिन्ही शेजारी शेजारी बसवली आहेत. १९२१ च्या भाषणातली भांडणे एकाच वाक्यात. परिणामी स्कीच्या उतारांसाठी झाडे तोडावीत का, वाटेवर दिवे किती लावावेत, हे प्रश्न पुन्हा पुन्हा उठतात.

आतापर्यंत समुद्राचा उल्लेख जेमतेम आला, आणि ते योग्यच आहे, कारण शंभर वर्षे ओस्लोने हिवाळ्यात समुद्राकडे पाठ फिरवली होती. फियॉर्डमध्ये सांडपाणी जात होते, काठावर गोद्या आणि कंटेनर, त्यांच्यामागे हमरस्ता. १९८२ मध्ये पश्चिमेकडे मोठे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. १९९० मध्ये हमरस्त्याचा एक तुकडा बोगद्यात गेला, २०१० मध्ये दुसरा, तो तर समुद्राच्या तळाशी. २००० साली नगरपरिषदेने मध्यवर्ती किनारा बंदराला न ठेवता वस्तीला आणि लोकांना द्यायचे ठरवले. २००८ मध्ये याच किनाऱ्यावरच्या ब्योर्विका भागात ऑपेरागृह उभे राहिले. त्याचे उतरते संगमरवरी छत थेट पाण्याला टेकते, आणि त्यावर कोणीही चढावे. २०१५ मध्ये शेजारच्या सोरेंगाला समुद्राच्या पाण्याचा पोहण्याचा तलाव झाला. याच सुमारास तरंगते सौना आले, आधी दोन-चार हौशी तराफे, मग रांगच्या रांग.

सौनाला नॉर्वेजियनमध्ये स्वतःचा जुना शब्द आहे, ‘बाडस्तू’, पण तो शेतावरच्या, धान्य वाळवायच्या खोलीलाही वापरला जात असे. म्हणजे शहरी लोकांनी परंपरा म्हणून जे उचलले आहे, ते या रूपात दहा-पंधरा वर्षांचेच आहे. त्याला फ्रीलुफ्ट्सलीव म्हणावे का? १९८० च्या दशकातल्या सरकारी व्याख्येत फावल्या वेळातला मोकळ्या हवेतला मुक्काम आणि हालचाल येते, हेतू वातावरणात बदल आणि निसर्गाचा अनुभव. ऐंशी अंशांची खोली, तिकीट, आधी नोंदवलेली वेळ, समोर काचेच्या इमारती. व्याख्येत ओढूनताणून बसते. तरी उडी मारल्यावर अंगाला लागणारे दोन-तीन अंशांचे पाणी खरेच असते. आणि पोहण्याजोग्या झालेल्या त्याच फियॉर्डमध्ये मासे इतके घटले, की २०१९ मध्ये कॉड पकडायला बंदी घालावी लागली. त्याच वर्षी शहराकडे युरोपची हरित राजधानी हा किताब होता.

डोंगराकडून समुद्राकडे हे वळण केवळ फॅशनचे नाही. १९६१ ते ९० या काळात ओस्लोच्या जानेवारीचे सरासरी तापमान उणे ४.३ अंश होते, १९९१ ते २०२० मध्ये ते उणे २.३ झाले. दोन अंशांचा फरक, पण शून्याच्या इतका जवळ की बर्फाच्या जागी पाऊस पडतो. काही ठिकाणी यंत्राने बनवलेल्या बर्फाचा पांढरा पट्टा तपकिरी गवतातून वळणे घेत जातो आणि त्यावर सगळे शहर दाटीवाटीने फिरते. कडेच्या शेतात मात्र जमीन मऊ असेल, तर तारीख २० जानेवारी असली तरी कलमाप्रमाणे तुम्हाला पाऊल टाकता येत नाही. हक्क तोच, अट तीच, फक्त अट पुरी करणारे दिवस कमी झाले.

त्याच कायद्यात समुद्रात पोहण्याचे वेगळे कलम आहे. ऊटमार्कातल्या किनाऱ्यावरून किंवा होडीतून कोणीही पाण्यात उतरावे, वस्तीच्या घरापासून बेताचे अंतर राखावे, कोणाला अवाजवी अडचण करू नये. त्या कलमात तारखा नाहीत.