‘हे खरे आहे काय?’ : नाशिकचे दुखणे विधिमंडळात पोहोचते कसे

२१ एप्रिल २०२१ रोजी जुन्या नाशकातल्या कथड्याच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजनची गळती सुरू झाली, वॉर्डांतला दाब उतरला आणि २२ रुग्ण दगावल्याचे त्याच दिवशी जाहीर झाले. तीन महिन्यांनी, २० जुलैला, राज्यसभेत एका प्रश्नाला लेखी उत्तर आले : ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे मृत्यू झाल्याचे राज्यांनी किंवा केंद्रशासित प्रदेशांनी वेगळे असे कळवलेले नाही. उत्तर होते केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांचे. त्या तेव्हा दिंडोरीच्या, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्याच खासदार होत्या आणि मंत्रिपदाची शपथ घेऊन त्यांना दोन आठवडेही झाले नव्हते.

हे उत्तर ऐकून चिडलेल्यांची बाजू समजण्यासारखी आहे. पण उत्तरात चूक काढून दाखवा म्हटले, तर पंचाईत होते. आरोग्य हा राज्यसूचीतला विषय, मृत्यूंची नोंद राज्ये पाठवतात आणि केंद्र ती एकत्र करते. राज्यात तेव्हा विरोधी आघाडीचे सरकार होते, तरी ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचे आम्ही कधी म्हटलेले नाही, असेच राज्याचे आरोग्यमंत्रीही सांगत होते. नाशिकची घटना त्यांच्या लेखी अपघात होती. विचारले होते ते कमतरतेबद्दल, गळतीबद्दल नव्हे. प्रश्न जेवढा, उत्तर तेवढेच. या एका ओळीत आमदार-खासदारांच्या प्रश्नांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे, म्हणून थोडे मागे जायला हवे.

१८६१ च्या कायद्याने कायदे कौन्सिले आली, पण सदस्यांना सरकारला काही विचारण्याची सोय नव्हती. प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला तो १८९२ च्या कायद्याने, तोही अर्धामुर्धा. आधी नोटीस द्यायची, सरकार वाचून दाखवील ते उत्तर ऐकायचे आणि खाली बसायचे. उपप्रश्न नाही, उत्तरावर चर्चा नाही. पाचच वर्षांनी मुंबई इलाख्यात प्लेग पसरला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरात शिरून तपासणी करण्यापासून माणसे हलवण्यापर्यंतचे अधिकार अधिकाऱ्यांना मिळाले. लोकमान्य टिळक त्या वर्षी मुंबईच्या कौन्सिलचे सदस्य होते. तरीही प्लेगच्या बंदोबस्तावरचा खरा जाब वर्तमानपत्रांतूनच विचारला गेला, आणि जुलैत टिळकांना अटक झाली. कौन्सिलात तोंडच बांधलेले असल्यावर दुसरे काय होणार? (तोच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने कोरोनासाठी बाहेर काढला. सव्वाशे वर्षांत कायदा टिकला. प्रश्न विचारण्याचे हक्क तेवढे मधल्या काळात वाढले होते.)

उपप्रश्न आला १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांत, मात्र ज्याचा मूळ प्रश्न त्यालाच. १९१९ नंतर तो सगळ्यांना मिळाला. माझ्या मते सगळ्या आयुधांत खरी धार याच एकाला आहे. मूळ प्रश्नाचे उत्तर खाते लिहून देते. उपप्रश्नाला मंत्र्याला उभ्या उभ्या उत्तर द्यावे लागते. १९१९ च्याच सुधारणांनी आरोग्य, स्वच्छता आणि स्थानिक स्वराज्य ही खाती भारतीय मंत्र्यांकडे सोपवली. म्हणजे दवाखान्याबद्दल विचारायचे तर समोर आता गोरा सेक्रेटरी नव्हता, निवडून आलेला माणूस होता.

त्या काळातला एक ठराव नाशिकच्या दृष्टीने महत्त्वाचा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी कौन्सिलचे सदस्य सी. के. बोले यांच्या मागणीवरून मुंबई कौन्सिलने ठरवले की, सरकारी पैशाने बांधलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. बहुतेक ठिकाणी ठराव कागदावरच राहिला. १९२६ मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव आणला : जी नगरपालिका अंमलबजावणी करणार नाही, तिचे अनुदान रोखा. आजच्या भाषेत याला पाठपुरावा म्हणतात. १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या लढ्यातले दादासाहेब गायकवाड पुढे १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबई विधानसभेत गेले. रस्त्यावरची मागणी सभागृहात नेणारी नाशिकची ती पहिली मोठी पिढी.

स्वातंत्र्यानंतरचा भाग थोडक्यात. राज्यघटनेच्या १६४ व्या कलमाने मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार झाले, त्यामुळे उत्तर देणे ही मेहेरबानी उरली नाही. तारांकित प्रश्न, अतारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, स्थगन प्रस्ताव ही नावे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला पाठ असतात. तारांकितला तोंडी उत्तर, अतारांकितला लेखी. तासाभरात यादीतले मोजकेच प्रश्न होतात. बाकीच्यांची उत्तरे पटलावर ठेवली की संपले.

खरी गंमत सभागृहाबाहेर आहे. सरकारी कार्यालयात विधिमंडळातून आलेल्या प्रश्नाला ‘एलएक्यू’ (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतात. नागपूरचे हिवाळी अधिवेशन जवळ आले की त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलपासून, म्हणजे जिल्हा रुग्णालयापासून, आदिवासी विकास भवनापर्यंत सगळीकडे एकच धावपळ : एलएक्यू आलाय, माहिती आजच पाठवा. मुख्यालय सोडायचे नाही, रजा विसरायची. मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याचा मेल आरोग्य उपसंचालकांकडे, तिथून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, तिथून एखाद्या ग्रामीण रुग्णालयाच्या लिपिकाकडे. तो जे लिहितो तेच, भाषा सफाईदार होत होत, मंत्र्यांच्या तोंडी येते. प्रश्नाचा साचाही ठरलेला : अमुक रुग्णालयात अमुक घडले, हे खरे आहे काय; असल्यास चौकशी केली आहे काय; असल्यास काय कारवाई केली वा करण्यात येत आहे; नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. उत्तरांचाही साचा आहे. ‘हे खरे नाही’ आले की खालच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. प्रश्नात तारीख एका दिवसाने चुकली किंवा आकडा एकाने जास्त झाला, तर ‘हे खरे नाही’ म्हणायला वाट मोकळी. जरा दिलदार खाते असेल तर ‘हे अंशतः खरे आहे’. जुने आमदार म्हणूनच प्रश्नात आकडा घालताना हात राखून लिहितात.

नाशिकची अडचण अशी की रुग्णालयांचे मालक तीन. सिव्हिल राज्याच्या आरोग्य खात्याचे, झाकीर हुसेन आणि बिटको महापालिकेची, आणि हरसूल-सुरगाण्याच्या पट्ट्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेची. प्रश्न चुकीच्या दारात पडला की ‘सदर बाब या विभागाशी संबंधित नाही’. आश्रमशाळेतले मूल तापाने गेले, तर शाळा आदिवासी विकास खात्याची, ते ज्या केंद्रात नेले ते जिल्हा परिषदेचे आणि जिथे दगावले ते सिव्हिल. जिल्ह्यातल्या १५ आमदारांपैकी चार अनुसूचित जमातींच्या राखीव मतदारसंघांतले. हा तिहेरी धागा कसा ओढायचा हे त्यांच्या कार्यालयांना चांगले ठाऊक असते.

ऑगस्ट २०१७ चे उदाहरण घ्या. त्या महिन्यात सिव्हिलच्या नवजात कक्षात ५५ अर्भके दगावल्याची बातमी आली आणि राज्यभर गाजली. रुग्णालयाचे म्हणणे होते की अनेक बाळे खासगी रुग्णालयांतून अगदी शेवटच्या अवस्थेत आणली गेली, काही मुदतपूर्व जन्मलेली, काही फार कमी वजनाची. यात खोटे काही नसेलही. पण इथेच थांबले तर उत्तर पूर्ण होते आणि प्रश्न तसाच राहतो. बाळाचे वजन कमी का, आई कोणत्या तालुक्यातली, गरोदरपणात तिची तपासणी कितीदा झाली, रुग्णवाहिका किती वेळाने आली, जवळच्या केंद्रात डॉक्टरचे पद किती दिवस रिक्त होते, हे उपप्रश्नांतूनच निघते. त्यासाठी विचारणाऱ्याचा गृहपाठ लागतो. तो असेल तर मंत्री अडखळतात, कधी अध्यक्ष प्रश्न राखून ठेवतात. नसेल तर गदारोळ होतो, दोन मिनिटांचे फुटेज मिळते आणि पुढचा प्रश्न पुकारला जातो.

सुरक्षेच्या बाबतीत नाशिकचा हिशेब कुंभमेळ्यापासून सुरू होतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. न्या. रमणी आयोग नेमला गेला. चौकशी आयोगाच्या कायद्यानुसार अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत तो, केलेल्या कारवाईच्या निवेदनासह, विधिमंडळासमोर ठेवावा लागतो. आयोग नेमला की त्या दिवसापुरता सभागृहातला आवाज शांत होतो, हे सत्ताधाऱ्यांना चांगले माहीत असते. तरी या वेळी काहीतरी हाती लागले : २०१५ च्या कुंभात मिरवणुकीचा मार्ग बदलला गेला आणि तसा प्रसंग पुन्हा आला नाही. औरंगाबाद रस्त्यावर ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे खासगी बस पेटून १२ प्रवासी गेले, तेव्हा मात्र दोष चौकाचा, बसचा की परवान्याचा, यावर परिवहन, बांधकाम आणि महापालिका अशी तीन दारे पुन्हा समोर आली.

मंत्री सभागृहात ‘करू’ म्हणाले की त्याची नोंद आश्वासन म्हणून होते आणि आश्वासन समिती ते पुरे झाले की नाही हे पाहते. बातमीत ही समिती क्वचितच दिसते. जिल्हा परिषदांचा कारभार तपासणाऱ्या विधिमंडळाच्या पंचायत राज समितीचे तसे नाही. ‘पीआरसी’ येणार म्हटले की जिल्हा परिषदेत जुनी दप्तरे बाहेर निघतात, आरोग्य केंद्रांना रंग लागतो आणि गैरहजर माणसे हजर होतात. चेष्टेचा भाग सोडला, तर अधिकाऱ्याला साक्षीसाठी समोर बसवून कागद मागण्याची ही जागा प्रश्नोत्तराच्या तासापेक्षा जास्त कामाची आहे.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची आणि जिल्हा परिषदेचीही मुदत संपली आणि दोन्हीकडे प्रशासक आले. डेंग्यूची फवारणी, बिटकोतली यंत्रे, पेठमधले टँकर हे प्रश्न एरवी महासभेत किंवा जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत सुटायचे. विचारायला नगरसेवक आणि सदस्यच उरले नाहीत, तेव्हा त्यांचा भार आमदारांवर पडला. गल्लीतल्या गटारासाठी मंत्रालयाच्या नगरविकास खात्याने उत्तर द्यायचे आणि ते उत्तर लिहायचे शेवटी त्याच विभागीय कार्यालयातल्या अभियंत्याने, असा उलटा प्रवास सुरू झाला. आता २०२७ चा कुंभ तोंडावर आहे आणि त्यासाठी २०२५ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण आले आहे. घाटांवरची गर्दी, गोदावरीचे पाणी, साधुग्रामातले दवाखाने यांबद्दलच्या प्रश्नांना आणखी एक दार वाढले. त्या प्रश्नोत्तरांच्या याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. वाचताना पहिल्या भागाच्या ‘होय’ किंवा ‘नाही’पाशी न थांबता शेवटच्या, विलंबाच्या कारणाच्या भागापुढे काय लिहिले आहे, ते आधी पाहावे.