तीन शिट्ट्यांचा हिशेब

"तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर गं," एवढं सांगून मी दळण आणायला गेले. परतले तर करपल्याचा वास जिन्यापर्यंत आलेला. पंधरा वर्षांची लेक ओट्यापाशीच उभी होती. पहिली शिट्टी तिने मोजली. मग खिडकीतून अजिंक्यताऱ्यावर उतरलेला ढग दिसला आणि मोजणी तिथेच सुटली.

हातातलं काम होईपर्यंत माहिती डोक्यात धरून ठेवणं, हे वर्किंग मेमरीचं काम. माझ्या लेकीला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं तिच्या मेंदूला अवघड जातं. अशा अनेक मुलांची नेमकी वर्किंग मेमरीच कमी पडते. बुद्धीशी याचा संबंध नाही. वर्गसमीकरण तिला समजतं, पण चौथ्या पायरीवर आल्यावर दुसरीतलं ऋणचिन्ह हरवतं.

लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये अशा मुलांचं वर्णन केलं, तेव्हा दोष नीतीत शोधला गेला. २००७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी शेकडो मुलांच्या मेंदूचे एमआरआय तपासले. मेंदूच्या बाह्यपटलाचा बराचसा भाग इतर मुलांमध्ये सरासरी साडेसात वर्षांच्या सुमारास पूर्ण जाडीला पोहोचतो. एडीएचडीच्या मुलांमध्ये साडेदहाच्या सुमारास. सर्वात जास्त उशीर कपाळामागच्या, म्हणजे आवर घालणाऱ्या आणि आखणी करणाऱ्या भागात होता. हालचालींचा भाग मात्र किंचित आधीच तयार झाला होता. बैल जुंपून झाले, कासरा मागून हाती आला!

मुली निदानातही मागे राहतात. माझी लेक वर्गात कधी धावली नाही, बाकावरून उठली नाही. गप्प बसून ती दुसरीकडेच असायची. वहीवर शेरा एकच, "लक्ष नसते". निदान व्हायला आठवी उजाडली, आणि तोवर स्वतःला 'ढ' म्हणायची सवय तिला लागली होती. ते मला अजून सलतं.

आठवीनंतर तिला घरी शिकवायला घेतलं, तेव्हा वाटलं होतं की शाळेची घंटा गेली म्हणजे पोर मोकळी होईल. झालं उलटंच. या मेंदूत डोपामिन या रसायनाचं काम वेगळं चालतं, त्यामुळे दूरच्या फळाची ओढ लवकर विझते. एप्रिलमधली परीक्षा तिला जूनमध्ये जाणवतच नाही. घंटा गेली तसा दिवसाचा आकारही गेला. मग आम्ही वेळ डोळ्यांना दिसेल असा मांडला. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर ती स्केचपेनने वीस मिनिटांची फाक रंगवते. काटा फाकेबाहेर पडला की वही मिटायची, गणित अर्धं असलं तरी. फळ्यावर एका वेळी एकच काम लिहायचं.

सासूबाईंचा आग्रह पहाटे पाचला उठून पाठांतर करण्याचा. महिनाभर करून पाहिलं, रोज रडारड. झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं मेलाटोनिन किशोरवयात सगळ्यांचंच उशिरा पाझरतं. एडीएचडी असलेल्या अनेकांत आणखी उशिरा. आता ती साडेसातला उठते, बाबांबरोबर अजिंक्यतारा चढून येते आणि मग गणिताला बसते. दमदार व्यायामानंतर काही काळ लक्ष जास्त टिकतं, असं अभ्यासांत दिसलंय, आणि आमच्या घरी ते रोज दिसतं.

हे सगळं औषधाला पर्याय म्हणून मी सांगत नाही. तिच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहेत, आणि त्या घेतलेल्या दिवशी फाक पुरी होते. एकटेपणाचा प्रश्नही सुटलेला नाही. संध्याकाळी शाळेतल्या मैत्रिणी क्लासला निघाल्या की ती गॅलरीत उभी राहते.

दहावी ती राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) करते आहे. तिथे वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि पास झालेल्या विषयाचे गुण जमा राहतात. सगळे विषय एकाच दमात देण्याची सक्ती नाही. या मेंदूसाठी याहून मोठी सवलत मला सुचत नाही. ऑक्टोबरात मराठी आणि चित्रकला. गणित एप्रिलसाठी ठेवलंय.

आणि कुकरशेजारी आता खडू असतो. शिट्टी झाली की ओट्यावर एक रेघ.