‘सगळं तर दिलंय, आता काय राहिलंय?’ : पाळतीच्या बातमीवरच्या एका प्रतिक्रियेची पार्श्वभूमी

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या दूरसंचार विभागाने मोबाइल उत्पादकांना एक निर्देश दिला. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे हरवलेले फोन आणि फोनवरची फसवणूक यांच्या तक्रारीसाठीचे सरकारी ॲप आधीच बसवलेले असावे, असे त्यात म्हटले होते. १ डिसेंबरला ही बातमी फुटली, यातून सरकार लोकांवर पाळत ठेवेल या भीतीने संसदेत आणि बाहेर गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेण्यात आली. त्या तीन दिवसांत सोलापुरात चहाच्या टपरीपासून मोबाइलवरच्या गटांपर्यंत एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडी ऐकू येत होते: ‘सगळं तर दिलंय की बे, आता काय राहिलंय?’ सक्ती रद्द झाल्यावरही सूर बदलला नाही. ‘आज काढलं, उद्या टाकतील,’ एवढीच त्यात भर पडली.

या वाक्याला अज्ञान किंवा बेफिकिरी म्हणून मोडीत काढण्याची सुशिक्षितांची सवय मला मान्य नाही. असे बोलणाऱ्या माणसाने गेल्या काही वर्षांत जे अनुभवले त्याचेच सार तो सांगत असतो. आधी माहिती द्यावी लागते, कायदा मागून येतो आणि हरकत घेणाऱ्याचे काम खिडकीवर अडते, हा त्याचा अनुभव आहे. मात्र या अनुभवाची मुळे मोबाइलच्या फार आधीची आहेत आणि त्यांतले एक मूळ याच शहरात आहे.

ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. तो आधी उत्तर भारतापुरता होता. १९११ च्या नव्या कायद्याने त्याची कक्षा देशभर वाढवली आणि मुंबई इलाखा त्यात आला. नोंदवलेल्या जमातीतल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकारही या कायद्याने दिला. सोलापुरात उमेदपूरची वसाहत उभी राहिली, ती तारेच्या कुंपणाच्या आत. पारधी, कैकाडी, टकारी, भामटा अशा समाजांतल्या कुटुंबांना तिथे ठेवले जाई, कापड गिरण्यांना त्यांच्यातून कामगार मिळत, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि बाहेर जायचे तर पास लागे. सेटलमेंट हा शब्द आजही शहराच्या पत्त्यांमध्ये आहे. १९३० च्या मार्शल लॉची आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांची आठवण सोलापूरने अभिमानाने जपली, ते योग्यच झाले. हजेरीच्या त्या रजिस्टरची आठवण मात्र तारेच्या आत राहिलेल्यांच्या घरांपुरतीच उरली, याची खंत वाटते.

या इतिहासाची आठवण इथे करण्याचे कारण आहे. ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही, मग बघू देत,’ हे दुसरे वाक्यही पाळतीच्या प्रत्येक बातमीनंतर कानावर येते. उमेदपूरच्या रजिस्टरात ज्यांची नावे चढली, त्यांच्यापैकी असंख्य लोकांकडेही लपवण्यासारखे काही नव्हते. त्यांची नोंद झाली ती त्यांनी केलेल्या कृत्यासाठी नव्हे, त्यांच्या जन्मासाठी. कोणाची नोंद करायची हे नोंद ठेवणारा ठरवतो, ज्याची नोंद होते तो नव्हे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण पाठोपाठ सराईत गुन्हेगारांसाठी राज्याराज्यांत कायदे झाले, मुंबई राज्याचा १९५९ मध्ये झाला, आणि गावात चोरी झाली की पोलीस आधी कोणत्या वस्तीत जातात हे सोलापूर जिल्ह्यात कोणालाही विचारून पाहावे.

स्वतंत्र भारतात या विषयावर न्यायालयात पहिला मोठा वाद झाला तोही पोलिसांच्या अशाच दप्तरावरून. उत्तर प्रदेशातल्या खडक सिंग यांना दरोड्याच्या प्रकरणात पुराव्याअभावी सोडून दिले होते, तरी त्यांच्या नावाची हिस्ट्रीशीट, म्हणजे संशयितावर पाळत ठेवण्याची पोलिसी नोंद, उघडली गेली आणि रात्री-अपरात्री शिपाई त्यांचे दार ठोठावू लागले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६२ मध्ये रात्रीच्या या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे बहुमताने मान्य केले नाही. ती उणीव भरून निघायला पुढे ५५ वर्षे लागली.

दरम्यान फोन ऐकण्याचा अधिकार १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यावरच चालत राहिला. पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेच्या याचिकेवर डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितले की, असा आदेश गृहसचिवानेच द्यावा, तो दोन महिन्यांपुरता असावा, कोणत्याही परिस्थितीत सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये आणि समितीने त्याची तपासणी करावी. त्या समितीत सरकारी अधिकारीच बसतात, न्यायाधीश नाही, ही त्रुटी आजही कायम आहे. मुंबईवरील हल्ल्यानंतर महिनाभरातच, डिसेंबर २००८ मध्ये, माहिती तंत्रज्ञान कायद्यातली दुरुस्ती संसदेने जवळजवळ चर्चेविना मंजूर केली. टेलिग्राफ कायद्यात निदान ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ अशी अट होती; संगणकावरच्या माहितीसाठी कलम ६९ मध्ये ती उरली नाही. २० डिसेंबर २०१८ रोजी याच कलमाखाली संगणकावरची माहिती पाहण्याचा अधिकार असलेल्या दहा यंत्रणांची यादी जाहीर झाली, तेव्हा ‘हे तर आधीपासूनच चालू होतं’ अशी प्रतिक्रिया उमटली आणि दुर्दैवाने ती खरी होती.

तरीही ‘सगळं दिलंय’ या भावनेला खरा आकार आला तो आधारमुळे. पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. त्यामागचा कायदा झाला मार्च २०१६ मध्ये, तोही धन विधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेला तो अडवता येणार नाही अशा रीतीने. कायदा झाल्यावर काही आठवड्यांतच १०० कोटींचा टप्पा गाठल्याची घोषणा झाली, म्हणजे कायदा आला तेव्हा देशाचे बहुतेक ठसे आधीच जमा झालेले होते. आधार नसल्यामुळे कोणाचे नुकसान होऊ नये, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्येच दिला होता. न्यायालयाचा आदेश वर्तमानपत्रात राहिला आणि खिडकीवरचा माणूस आधारच मागत राहिला. कायद्यावरचा विश्वास उडायला आणखी काय लागते?

सोलापूरच्या पूर्व भागात हे सगळे एका बोटात दिसते. मांडीवर सूप घेऊन तेंदूपान कापायचे, त्यात तंबाखू भरायची, पान वळून दोरा बांधायचा, अशा आयुष्यभर विड्या वळणाऱ्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा पुसट होतात. रेशनच्या रांगेत अशी एक मावशी मी पाहिली. यंत्रावर तिने अंगठा ठेवला, उमटला नाही. पदराला पुसून पुन्हा ठेवला. मग तर्जनी, मग दुसऱ्या हाताचा अंगठा. ‘थम लागत नाही, मावशी, नातवाला घेऊन या,’ एवढे बोलून दुकानदाराने पुढच्याला बोलावले. तो वाईट वागला नाही, त्याच्याही हातात यंत्राशिवाय काही नव्हते. तिच्यासमोर खासगीपणाच्या हक्काची बातमी ठेवली तर तिला ती आपली वाटणार नाही, कारण तिची अडचण कोणी पाहत असल्याची नसून यंत्र तिला ओळखत नसल्याची आहे. या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत, हे तिला समजेल अशा भाषेत आपण लिहिणाऱ्यांनी क्वचितच सांगितले आहे.

‘काही फरक पडत नाही,’ हे ज्यांनी मान्य केले नाही त्यांच्यापैकी एक होते कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी. त्यांनी २०१२ मध्ये आधारला आव्हान दिले, तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. सर्वोच्च न्यायालयाच्याच १९५४ आणि १९६२ (खडक सिंग) च्या जुन्या निकालांचा हवाला देत केंद्राने २०१५ मध्ये न्यायालयात सांगितले की, खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०१८ मध्ये आधार चार विरुद्ध एक अशा मतांनी टिकले, पण खासगी कंपन्यांना ते मागण्याची मुभा देणारे कलम ५७ त्या रूपात टिकले नाही.

पुढच्या घडामोडींनी आशा आणि निराशा दोन्ही वाढवल्या. पेगासस या फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले. पाचांमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळले, ते पेगाससच होते असे ठामपणे सांगता आले नाही आणि सरकारने सहकार्य केले नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात नमूद झाले. त्याच वर्षी फौजदारी ओळख कायदा आला. १९२० च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या या कायद्याखाली बोटांच्या ठशांबरोबर बुबुळ आणि जैविक नमुनेही घेता येतात आणि ती नोंद ७५ वर्षे जपता येते. ज्या घरांत हजेरीच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात, तिथे हा आकडा कसा वाचला गेला असेल याचा विचार व्हायला हवा होता.

ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा झाला. केंद्राने अधिसूचित केलेल्या सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देता येते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ च्या मध्याला जाहीर झाले, ‘संचार साथी’च्या निर्देशाच्या दोन आठवडे आधी. माहिती घेण्यापूर्वी संमती मागणे, ती पुसण्याचा हक्क, गळती झाली तर कळवणे या नागरिकाच्या बाजूच्या मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत मिळाली, म्हणजे त्या मे २०२७ च्या सुमारास लागू होतील. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल करून ‘वैयक्तिक माहिती’ या नावाखाली सरकारी माहिती नाकारणे सोपे करणारी तरतूद मात्र लगेच लागू झाली.