साठ पत्त्यांत लँड किती?

‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली आला. तो रचणारे रिचर्ड गारफिल्ड गणितज्ञ आहेत, आणि खेळातली सगळ्यात जास्त कुरकुर ज्यावरून होते ती गोष्ट गणिताचीच आहे: लँड.

लँड म्हणजे जमिनीचा पत्ता. आपल्या पाळीत साधारणपणे एकच लँड मांडता येते. ती आडवी केली की एक माना, म्हणजे जादूची शक्ती, मिळतो, आणि त्या मानातून मंत्रांच्या व प्राण्यांच्या पत्त्यांची किंमत चुकवायची. पुढच्या पाळीला लँड पुन्हा उभी होते. न वापरलेला माना मात्र साठत नाही, पाळीचा तो टप्पा संपताच जातो. म्हणून तिसऱ्या पाळीला तीन माना हवे असतील तर प्रत्येक पाळीला लँड पडलीच पाहिजे.

साठ पत्त्यांच्या डेकमध्ये, म्हणजे खेळाडूच्या गठ्ठ्यात, २४ लँड ठेवायचा जुना प्रघात आहे. सुरुवातीच्या सात पत्त्यांत सरासरी २.८ लँड येतात, पण सरासरीवर डाव चालत नाही. शून्य किंवा एकच लँड येण्याची शक्यता १४ टक्के, म्हणजे दर सात डावांत एकदा. असा हात टाकून नवे सात पत्ते घेता येतात. २०१९ पासूनच्या नियमानुसार, जितक्यांदा हात बदलला तितके पत्ते शेवटी डेकच्या तळाशी ठेवावे लागतात.

हात बरा असला तरी चौथ्या पाळीचं काय? पहिली पाळी आपली असेल तर तोवर दहा पत्ते पाहून होतात आणि त्यांत निदान चार लँड असण्याची शक्यता ६३ टक्के असते. २६ लँड घेतल्या तर ती ७२ टक्के होते. पण मग उत्तरार्धात मंत्र हवा असताना लँडच हाती येत राहतात. चार मानाचे पत्ते मोजकेच असतील तर २४ पुरे.

नवखे फसतात ते रंगात. लँड वेगवेगळ्या प्रकारच्या असतात: बेटातून निळा, डोंगरातून लाल, दलदलीतून काळा, जंगलातून हिरवा, मैदानातून पांढरा माना मिळतो. समजा डेकमध्ये १२ बेटं आणि १२ डोंगर आहेत. दुसऱ्या पाळीपर्यंतच्या आठ पत्त्यांत एक तरी बेट असण्याची शक्यता ८५ टक्के आहे, पण दोन निळे माना मागणारा पत्ता असेल तर जेमतेम ५१! किंमत दोनच, तरी तो निम्म्या वेळा हातात अडकतो. दोन्ही रंग देणाऱ्या लँड महाग विकल्या जातात त्या यामुळेच.

हे आकडे खरे ठरायला पत्ते नीट पिसलेले हवेत. बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं की ५२ पत्त्यांना दोन भाग एकमेकांत गुंफत सुमारे सात वेळा पिसावं लागतं. साठांसाठी आठनऊ वेळा पिसलेलं बरं. काही जण आधी ‘दोन मंत्र, एक लँड’ अशी चळत लावतात. त्यानंतर नीट पिसलं तर ती मेहनत वाया, आणि चळतीचा फायदा टिकला तर ती सरळ फसवणूक.