अ‍ॅश्ली हाऊस (शेफील्ड, मॅसॅच्युसेट्स)

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, हूसाटॉनिक नदीच्या खोऱ्यातील शेफील्ड गावी असलेले दुमजली लाकडी घर. न्यायाधीश कर्नल जॉन अ‍ॅश्ली (१७०९–१८०२) यांनी ते १७३५ साली बांधले. बर्कशायर परगण्यात आज उभ्या असलेल्या घरांपैकी हे सर्वांत जुने मानले जाते. घर ओळखले जाते अ‍ॅश्लींच्या नावाने, तरी इथे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना ओढ असते ती याच घरात गुलाम म्हणून राबलेल्या आणि मालकाविरुद्ध दावा जिंकलेल्या एलिझाबेथ फ्रीमन यांच्या कथेची.

अ‍ॅश्ली येल महाविद्यालयाचे पदवीधर होते. वकिली, मोठी जमीनदारी, गिरण्या आणि लोखंडाचा व्यवसाय यांच्या जोरावर ते या भागातले सर्वांत वजनदार गृहस्थ झाले. १७६१ ते १७८१ या काळात ते परगण्याच्या दिवाणी न्यायालयावर न्यायाधीश होते. त्यांच्या पत्नी हॅना या न्यूयॉर्कमधील क्लॅव्हरॅक इथल्या होगेबूम या डच घराण्यातल्या. एलिझाबेथ यांचा जन्म १७४४ च्या सुमारास त्याच घराण्याच्या गुलामीत झाला आणि तिथूनच त्या अ‍ॅश्लींच्या घरी आल्या. तेव्हा त्यांना आडनाव नव्हते, सगळे त्यांना नुसते ‘बेट’ म्हणत.

वरच्या मजल्यावर अ‍ॅश्लींची अभ्यासिका आहे. भिंतींना लाकडी फळ्यांचे देखणे आवरण असलेल्या या खोलीत जानेवारी १७७३ मध्ये गावातील अकरा जणांची समिती बसली. अ‍ॅश्ली अध्यक्ष होते, तर लिहून घेण्याचे काम थिओडोर सेजविक या तरुण वकिलाकडे होते. ब्रिटिश राजवटीच्या जाचाविरुद्ध त्यांनी जे ठराव रचले, ते ‘शेफील्डचा जाहीरनामा’ म्हणून ओळखले जातात. निसर्गतः सर्व माणसे समान, मुक्त आणि एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, असे त्यांतला पहिलाच ठराव सांगतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला तो याच्या तीन वर्षांनंतर. हे शब्द ज्या छपराखाली लिहिले गेले, त्याच छपराखाली माणसे मालमत्ता म्हणून राहत होती. घर पाहताना ही गोष्ट क्षणभरही नजरेआड होऊ नये असे वाटते.

स्वयंपाकघराची आठवण वेगळी आहे. संतापाच्या भरात हॅना यांनी चुलीतले तापलेले फावडे एका गुलाम मुलीवर उगारले. ही मुलगी एलिझाबेथ यांची बहीण की लेक, याबद्दल एकमत नाही. एलिझाबेथ मध्ये पडल्या आणि घाव त्यांनी आपल्या हातावर झेलला. ती जखम त्यांनी पुढे कधी झाकली नाही. कोणी विचारले, तर हे मालकिणीलाच विचारा, असे त्या सांगत. सेजविक यांची मुलगी, लेखिका कॅथरिन सेजविक, हिने ही हकीकत लिहून ठेवली आहे.

१७८० मध्ये मॅसॅच्युसेट्सची राज्यघटना अमलात आली. सर्व माणसे जन्मतः मुक्त आणि समान आहेत, असे तिचे पहिलेच कलम म्हणते. एलिझाबेथ यांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण कानावर आलेल्या या शब्दांचा अर्थ त्यांना नेमका कळला. त्या सेजविक यांच्याकडे गेल्या आणि हा कायदा मला स्वातंत्र्य देणार नाही का, असे त्यांनी विचारले. सेजविक यांनी वकीलपत्र घेतले. टॅपिंग रीव्ह हे दुसरे वकील त्यांच्या जोडीला आले. अ‍ॅश्लींच्याच घरातील ब्रॉम हा गुलाम सहवादी झाला. दावा ‘रिप्लेव्हिन’ या प्रकारचा होता, म्हणजे बेकायदा अडकवून ठेवलेली मालमत्ता सोडवून घेण्यासाठी करतात तसा. दोघेही आपले आजन्म चाकर आहेत, असे सांगून अ‍ॅश्लींनी त्यांना सोडायला नकार दिला.

खटला ऑगस्ट १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टन इथे चालला, तोही ज्या न्यायालयावर अ‍ॅश्लींनी वीस वर्षे काढली होती त्याच न्यायालयात. ज्यूरीने दोघांना मुक्त ठरवले आणि तीस शिलिंग भरपाई व दाव्याचा खर्च अ‍ॅश्लींवर बसवला. त्यांनी अपील केले, पण ते मागे घेतले. १७८३ साली क्वॉक वॉकर या गुलामाच्या मुक्ततेसंबंधीच्या खटल्यात राज्याचे मुख्य न्यायमूर्ती विल्यम कुशिंग यांनी गुलामगिरी राज्यघटनेशी विसंगत असल्याचे सांगितले. १७९० च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्समध्ये एकाही गुलामाची नोंद नाही.

मूळ जागेवरून हे घर १९३० मध्ये थोड्या अंतरावर कूपर हिल रस्त्यालगत हलवले गेले. १९७२ पासून ते ‘ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स’ या संस्थेकडे आहे. १९७५ मध्ये त्याचा समावेश ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत झाला. आज इथे जाहीरनाम्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, एलिझाबेथ यांच्याविषयी सांगितले जाते.

मुक्त झाल्यावर त्यांनी ‘फ्रीमन’ हे आडनाव घेतले. अ‍ॅश्लींकडे पगारावर परतायचे नाकारून त्या सेजविक कुटुंबात कामाला राहिल्या. मिळकतीतून त्यांनी स्टॉकब्रिजमध्ये स्वतःचे घर केले. १८२९ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले आणि सेजविक घराण्याच्या कुटुंबीयांमध्येच त्यांचे दफन झाले. १८११ साली सुझन सेजविक यांनी हस्तिदंतावर रंगवलेले त्यांचे छोटे चित्र बॉस्टनमधील मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहे. चित्रात त्यांच्या गळ्यात सोन्याच्या मण्यांची माळ दिसते. ते मणीही पुढे कंकणात ओवून तिथेच जपले आहेत.