मोटार-बॅटरीच्या अग्रांचे क्षरण

मोटारीतील शिसे-अम्ल बॅटरीची अग्रे (टर्मिनल), त्यांवर आवळलेल्या तारांच्या पकडी आणि बॅटरीखालची लोखंडी बैठक यांवर सल्फ्यूरिक अम्लाच्या क्रियेने पांढऱ्या, निळसर वा हिरवट लवणांचे थर साचतात व मूळ धातू हळूहळू खाल्ला जातो. गॅरेजच्या बोलीत याला ‘टर्मिनलला कार्बन आला’ किंवा ‘सल्फेट धरले’ असे म्हणतात. यातील ‘कार्बन’ला रासायनिक आधार जवळजवळ नाही, असलाच तर तो कार्बोनेटाच्या रूपात आणि किरकोळ. ‘सल्फेट’ बरोबर असले तरी फसवे आहे. बॅटरी दीर्घकाळ उतरलेल्या स्थितीत राहिली की तिच्या आतील पट्ट्यांवर लेड सल्फेटाचे कठीण स्फटिक बनतात. त्यालाही हेच नाव आहे. तो दोष वेगळा असून बाहेरून कितीही घासले तरी त्यावर परिणाम होत नाही.

शिसे-अम्ल घट (सेल) गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केला आणि कामीय फोर यांनी १८८१ च्या सुमारास लेप दिलेल्या पट्ट्या वापरून त्याला औद्योगिक रूप दिले. अग्रे गंजण्याची तक्रार घटाइतकीच जुनी असावी. मात्र मोटारीत तिला खरे महत्त्व आले ते १९१२ मध्ये कॅडिलॅक गाड्यांत विजेचा स्टार्टर बसवला जाऊ लागल्यानंतर. दिव्यांना लागणारी वीज थोडी असते. स्टार्टर (बोलीत ‘सेल्फ’) लहान गाडीतही १०० ते २०० अँपिअर ओढतो. अग्र आणि पकड यांच्यामध्ये ०.०१ ओहम इतका रोध जरी आला, तरी १५० अँपिअरला १.५ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. १० अँपिअर घेणाऱ्या दिव्यांना मात्र ०.१ व्होल्टचीच झळ बसते. दिवे लागतात, हॉर्न वाजतो आणि सेल्फ ‘टक’ करून थांबतो, याचे कारण बऱ्याचदा एवढेच असते. अशा वेळी बॅटरीच गेली असे समजून चांगली बॅटरी बदलली जाते.

थर कशामुळे बनतो, याबाबत लेखनात एकवाक्यता नाही. पुष्कळ लोकप्रिय पुस्तिकांत ‘बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू धातूशी संयोग पावतो’ असे स्पष्टीकरण आढळते. ते ग्राह्य धरणे कठीण आहे, कारण साध्या तापमानाला हायड्रोजन शिशाला वा तांब्याला गंजवत नाही. अम्ल बाहेर येण्याच्या वाटा दोन. भारणाच्या (चार्जिंगच्या) अखेरीस पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजनचे बुडबुडे उठतात, ते पृष्ठभागावर फुटताना अम्लाचे अतिसूक्ष्म तुषार उडतात आणि झाकणाच्या छिद्रांतून बाहेर पडतात. दुसरी वाट अग्राच्या बुडाशी असते : शिसे आणि प्लॅस्टिक यांचा सांधा सैल झाल्यास केशाकर्षणाने (वातीतून तेल चढते तसे) अम्ल वर चढते. एकाच अग्राभोवती पुन:पुन्हा थर येत असेल, तर ही दुसरी वाट अधिक संभवते.

येथे एक जुनी शंका उपस्थित होते. सल्फ्यूरिक अम्लाच्या कारखान्यांत कोठड्यांना शिशाचेच अस्तर देत, कारण शिशावर लेड सल्फेटाचा अविद्राव्य पापुद्रा धरतो आणि पुढची क्रिया थांबते. मग बॅटरीचे शिशाचे अग्र का खाल्ले जाते? एक मत असे, की आळीपाळीने ओले व कोरडे होण्यामुळे पापुद्रा घट्ट बसत नाही, आणि हवेतील ऑक्सिजन नव्या पृष्ठभागाला पोहोचत राहतो. दुसऱ्या मताप्रमाणे शिशाचा वाटा त्यात कमीच असतो. मुख्यत: खाल्ली जाते ती पितळेची वा तांब्याची पकड. निळ्या रंगाचा उलगडा याच मताने नीट होतो, कारण तो रंग कॉपर सल्फेटाचा, म्हणजे बाजारातल्या मोरचुदाचाच आहे. पितळेतील जस्तापासून बनणारे झिंक सल्फेट पांढरे असल्याने सगळा पांढरा थर शिशाचा मानणे चुकीचे ठरते. यासाठी एक साधी कसोटी आहे. मोरचूद व झिंक सल्फेट पाण्यात विरघळतात, लेड सल्फेट जवळजवळ विरघळत नाही. तेव्हा पाणी ओतल्यावर मागे उरतो तो भाग शिशाचा. लोखंडी बैठकीवरची हिरवट छटा फेरस सल्फेटाची, म्हणजे हिराकसाची असू शकते. पुढे ती तांबूस पिवळी होते.

धन अग्रावरचा थर अतिभारणाचे आणि ऋण अग्रावरचा अपुऱ्या भारणाचे लक्षण, हा संकेत कारागिरांत रूढ आहे. त्यावर फार विसंबू नये. बॅटरीच्या माथ्यावर अम्लयुक्त ओल पसरली, की दोन्ही अग्रांमध्ये एक क्षीण वाहक वाट तयार होते व त्या वाटेवर धन बाजूच्या धातूचे विघटन होते. त्यामुळे निळा थर धन अग्राकडे अधिक दिसणे स्वाभाविक आहे, मग भारण योग्य असो वा नसो. ही ओल मोजताही येते : व्होल्टमापकाचे एक टोक ऋण अग्रावर ठेवून दुसरे माथ्याच्या प्लॅस्टिकवरून फिरवले असता काट्याने हालचाल दाखवली, तर माथा अम्लाने ओला आहे असे समजावे. या वाटेने बॅटरी उभ्या-उभ्या उतरतेही.

अतिभारण मात्र तुषारांना निश्चित कारणीभूत होते. १२ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे १४.४ व्होल्टला वायू जोमाने सुटू लागतो आणि तापमान वाढेल तसा हा उंबरठा खाली येतो. दर अंश सेल्सिअसला अंदाजे ३० मिलिव्होल्ट. इंजिनाशेजारी तापलेल्या बॅटरीत, भारणाचा नियंत्रक (रेग्युलेटर) तोच असूनही, थर लवकर येतो तो यामुळे. कोकण किनाऱ्यावरील दमट व खारट हवेत थराला ओल सतत मिळते. उष्ण प्रदेशांत पूर्ण भारलेल्या अम्लाचे सापेक्ष घनत्व नेहमीच्या १.२८ ऐवजी १.२४ च्या आसपास ठेवण्याची पद्धत आहे.

पकडीचे मापही दुर्लक्षून चालत नाही. प्रचलित जाड अग्रांत धन अग्राचा माथा १७.५ मिमी. व ऋणाचा १५.९ मिमी. व्यासाचा असतो, जपानी पद्धतीच्या बारीक अग्रांत हेच आकडे १४.७ व १३.० मिमी. आहेत. जाड अग्राची पकड बारीक अग्रावर पत्र्याची चकती घालून आवळली, की फटीत अम्ल साचायला जागा मिळते.

साफ करताना गाडीच्या सांगाड्याला (चासीला) जोडलेली बाजू आधी सोडतात व शेवटी जोडतात, म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. आज ती बाजू ऋण असते. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत ती धन असे, म्हणून जुन्या गाडीत आधी खात्री करावी. हायड्रोजन हवेत सुमारे ४ टक्के असला तरी पेट घेतो. ठिणगीची धास्ती त्यामुळेच. झाकणे घट्ट लावून खाण्याच्या सोड्याचे द्रावण (पेलाभर पाण्यात मोठा चमचाभर) ओततात. कार्बन डाय-ऑक्साइडचा फेस येणे थांबले म्हणजे अम्ल संपले. सोडा आत गेला, तर घटातलेच अम्ल निकामी होते. उकळते पाणी ओतण्याचा प्रघात आहे. त्याने विद्राव्य लवणे जातात, अम्ल मात्र वाहत बैठकीवर उतरते. शीतपेय ओतणारेही आढळतात. त्याच्या चिकट साखरेमुळे पुन्हा ओल धरते. ब्रशने कोरडे घासू नये, लेड सल्फेटाची धूळ विषारी असते.

पेट्रोलियम जेलीचे पेटंट रॉबर्ट चेसब्रो यांना १८७२ मध्ये मिळाले. पुन्हा थर धरू नये म्हणून अग्रांना ती लावण्याची रीत केव्हापासूनची, याबाबत ‘मोटारीच्या पहिल्या काही दशकांतली’ एवढेच म्हणणे सुरक्षित. लेप पकड आवळल्यावर बाहेरून द्यावा. अग्राच्या बुडाशी तेलात भिजवलेल्या फेल्टच्या चकत्या घालतात. सांधाच पाझरत असेल, तर हे सारे उपाय काही महिने पुरतात.

कपड्यावर उडालेले अम्ल लगेच दिसत नाही. पाणी उडून जाते तसे ते संहत होत जाते, आणि सुती कपड्याला पुढच्या धुण्यात भोके पडतात. डोळ्यात गेल्यास किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे. डोळ्यात सोडा घालू नये. अम्ल विरल करताना ते पाण्यात ओततात, पाणी अम्लात नव्हे.

जेल व काचतंतूंच्या शोषक चटईच्या बंद बॅटऱ्यांत हा दोष कमी आढळतो, पण अतिभारणाने त्यांची सुरक्षा-झडप उघडल्यास तेथेही तुषार निघतात. जुन्या बॅटऱ्यांच्या विल्हेवाटीसाठी भारतात २००१ चे नियम होते. त्यांच्या जागी २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले.