अ‍ॅम्प्ली मोजायची साधनं टेबलावर कशी आली

पावसाळ्यात जत्रा आणि दशावतार थंडावले की कुडाळ-कणकवलीकडे साउंडवाल्यांचे अ‍ॅम्प्ली दुरुस्तीला येतात, आणि चतुर्थीच्या आत ते तयार हवे असतात. तक्रार एकच: ‘आवाज फाटतो.’ किती फाटतो आणि कशामुळे, हे मोजणारी यंत्रं फार काळ मोठ्या प्रयोगशाळांपुरतीच होती.

स्वस्ताईची पहिली पायरी १९३० च्या दशकाच्या अखेरची. ह्यूलेट-पॅकार्डचा २००ए ऑसिलेटर, म्हणजे चाचणीसाठी शुद्ध सूर देणारं यंत्र, ५४.४० डॉलरला मिळे. त्यातली करामत म्हणजे एक साधा छोटा दिवा. सिग्नल वाढला की दिव्याची तार तापते, तिचा रोध वाढतो आणि गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) आपसूक खाली येतो. त्यामुळे सूर स्थिर आणि स्वच्छ राही. सुधारलेल्या २००बीचे आठ नग डिस्नेने घेतले.

सूर मिळाला, पण विकृती, म्हणजे अ‍ॅम्प्लीने सुरात घातलेली भर, मोजायची कशी? मूळ सूर नॉच फिल्टरने (नेमकी एकच फ्रिक्वेन्सी काढणाऱ्या चाळणीने) गाळायचा आणि उरेल ते काट्यावर वाचायचं. यात एक खोट होती. उरलेल्यात विकृती, हमिंग आणि खरखर सगळं एकत्र असे. सुकलेला फिल्टर कपॅसिटर आणि बिघडलेलं बायस (आउटपुट ट्रान्झिस्टरचा सिग्नल नसतानाचा प्रवाह), दोन्हींचा आकडा सारखाच येऊ शके.

१९६५ मध्ये कूली आणि टुकी यांनी एफएफटीची, म्हणजे सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी सुट्या करणाऱ्या गणिताची, झटपट रीत मांडली आणि ही सरमिसळ सोडवण्याची वाट मोकळी झाली. १९८४ मध्ये मोजमाप यंत्रं बनवणाऱ्या टेक्ट्रॉनिक्समधून बाहेर पडलेल्यांनी ऑडिओ प्रिसिजन ही कंपनी काढली. तिची यंत्रं संगणकाला जोडून चालत, किंमत मात्र कारखान्यांना झेपेल अशीच. पुढे साउंड कार्ड चांगली झाली. २००० मध्ये आंजेलो फारिना यांनी लॉगरिदमिक स्वीपची (खालून वर सरकत जाणाऱ्या सुराची) पद्धत मांडली, तिच्यात मूळ प्रतिसाद आणि हार्मोनिक्स (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले सूर) एकाच मोजणीत वेगळे निघतात. आज हे सगळं आरईडब्ल्यू (रूम ईक्यू विझर्ड) सारख्या सॉफ्टवेअरमध्ये मिळतं, मूळ आवृत्ती फुकट.

पडद्यावर आता दुखणं नावानिशी दिसतं. ५० हर्ट्झचा सुळका बहुधा ग्राउंड लूपचा किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी झळीचा. १०० हर्ट्झचा असेल तर आधी फिल्टर कपॅसिटर बघा. १ किलोहर्ट्झच्या सुरावर ३, ५, ७ किलोहर्ट्झचे सुळके आले आणि आवाज कमी केल्यावर त्यांची टक्केवारी वाढली, तर बायस तपासा. ठरावीक पातळीनंतर ते एकदम उसळले, तर ते क्लिपिंग, म्हणजे लहरीची टोकं छाटली जाणं.

म्हणून पैसे घालायचे ते लाइन इनपुट असलेल्या २४ बिटच्या यूएसबी इंटरफेसमध्ये (बाहेरून जोडायचं साउंड कार्ड) आणि डमी लोडमध्ये (स्पीकरऐवजी लावायचा रोध). ८ ओहम, १०० वॉटचे सोनेरी रोध हीटसिंकवर आवळल्याशिवाय १०० वॉट सोसत नाहीत, हे बरेच जण विसरतात. इंटरफेस जळतो तो व्होल्टेजच्या हिशेबात चूक झाल्याने: ८ ओहमवर १०० वॉट म्हणजे २८.३ व्होल्ट, लाइन इनपुटच्या कुवतीबाहेर. १० किलोओहम आणि १ किलोओहमचा डिव्हायडर (व्होल्टेज विभागणारी रोधांची जोडी) लावला की २.६ व्होल्टच्या आसपास येतात. पाव वॉटचे रोध पुरतात. भोंग्याच्या १०० व्होल्ट लाइनवर १० ऐवजी १०० किलोओहम घ्या, आणि त्या टोकांना हात लावू नका. इंटरफेसचा स्वतःचा रोध गुणोत्तर थोडं बिघडवतो, म्हणून ५० हर्ट्झचा सूर सोडून मल्टिमीटरने एकदा जुळवून घ्या. स्वस्त मीटरची एसी रेंज वरच्या फ्रिक्वेन्सीला भरवशाची नसते.

ब्रिज आउटपुटच्या अ‍ॅम्प्लीत दोन्ही टोकं ‘गरम’ असतात, म्हणजे दोन्हींवर सिग्नल असतो. एकाला इंटरफेसचं ग्राउंड लावलं की आउटपुट शॉर्ट. तिथे प्रत्येक टोकाला वेगळा डिव्हायडर, बॅलन्स्ड इनपुट, आणि ग्राउंड अ‍ॅम्प्लीच्या ग्राउंडला. क्लास-डी (आउटपुट झटपट चालू-बंद करून चालणारा) असेल तर आधी लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा), नाहीतर स्विचिंगचा कचरा मोजणीत येतो. लॅपटॉप बॅटरीवर चालवला तर चार्जरमुळे होणारं हमिंग टळतं.

किनाऱ्यावर एक जादा शत्रू आहे: खारी हवा. जॅक काळवंडले की रोध हलत राहतो आणि दोष केबलचा असूनही अ‍ॅम्प्लीच्या नावावर खपतो. म्हणून मोजणीआधी इंटरफेसचं आउटपुट थेट त्याच्याच इनपुटला त्याच केबलने जोडून लूपबॅक घ्यावा आणि आलेख जपून ठेवावा. जुन्या आलेखापेक्षा तळाची खरखर वर आली तर अ‍ॅम्प्ली उघडण्याआधी जॅकवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. काम संपलं की इंटरफेस आणि माइक सिलिका जेलसह झाकणाच्या डब्यात. जेल दर महिन्याला तापवून सुकवायचं.